कपाळाचं हाड हातात घेताना: पहिल्या वर्षाला आलेल्यांसाठी

माझ्या पहिल्या व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एक सुटं हाड माझ्या हातात ठेवलं. मी ते ओळखलं, छाती फुगवून ‘फ्रॉन्टल बोन, सर’ म्हणाले. सर म्हणाले, ‘बरोबर. पण या बिचाऱ्याचे डोळे डोक्यावर कशाला ठेवलेत?’ हाड मी उलटं धरलं होतं. किती हाडांशी सांधा, कोणत्या आठवड्यात हाड बनायला लागतं, सगळं तोंडपाठ होतं, फक्त हातांना काही ठाऊक नव्हतं. पुढे बरीच वर्षं डेमॉन्स्ट्रेटर म्हणून मुलांना हाडं शिकवली, तेव्हा दिसलं की दरवर्षी निम्मी मुलं तीच चूक करतात.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस, फिजिओ, कशालाही आला असाल, कवटी सगळ्यांच्या वाट्याला येते, आणि कवटीची सुरुवात कपाळापासून केलेली बरी. कारण ते एकच हाड आहे (डावं-उजवं ओळखायची भानगड नाही), आणि ते तुमच्याजवळ चोवीस तास असतं.

माझी पद्धत एका प्रश्नावर चालते. हाडावर कुठेही खाच, खड्डा, चर किंवा भोक दिसलं की नाव आठवायच्या आधी विचारायचं: ही खूण कोणाची? हाड स्वतःहून नक्षी काढत बसत नाही. कुठे रक्तवाहिनी टेकलेली असते, कुठे ग्रंथी बसलेली असते, कुठे स्नायू ओढत असतो. खूण करणारा सापडला की नावही लक्षात राहतं आणि कामही.

पहिली पायरी: आधी स्वतःचं कपाळ

पुस्तक बाजूला ठेवा. आरशासमोर बसलात तर उत्तम.

तर्जनी दोन भुवयांच्या मधोमध ठेवा, जिथे कुंकू लावतात त्याच्या किंचित खाली. हाताला लागतो तो ग्लॅबेला. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘केस नसलेली, गुळगुळीत’ असा होतो, दोन भुवयांमधली मोकळी जागा. बोट खाली घसरू द्या. नाकाच्या मुळाशी जो खळगा लागतो तो नेझिऑन. तिथे कपाळाचं हाड संपतं आणि नाकाची दोन छोटी हाडं सुरू होतात.

आता बोट ग्लॅबेलापासून बाहेरच्या बाजूला, भुवईच्या आतल्या टोकाच्या जरा वरून न्या. एक कमानीसारखा उंचवटा लागेल, तो सुपरसिलिअरी आर्च. त्याच्याखाली डोळ्याच्या खोबणीची जी कड लागते ती सुप्राऑर्बिटल मार्जिन. नवीन मुलं या दोघांत हमखास गोंधळतात. सोपं आहे: कड ही खोबणीची चौकट आहे आणि ती पूर्ण रुंदीभर असते, आर्च हा तिच्या वरचा फुगवटा आहे आणि तो आतल्या बाजूलाच ठळक असतो.

कडेवरून नखाने हळूहळू आतून बाहेर जा. मध्यरेषेपासून साधारण अडीच सेंटिमीटरवर, म्हणजे कडेचा आतला एक तृतीयांश भाग संपतो तिथे, एक खाच लागते. जरा दाबा. कपाळावर वरपर्यंत चमक गेल्यासारखं किंवा बोथट दुखल्यासारखं वाटेल. ती सुप्राऑर्बिटल नॉच आणि तुम्ही दाबलीत ती त्याच नावाची नर्व्ह. कपाळाची आणि डोक्याच्या पुढच्या भागाची जाणीव तीच मेंदूकडे नेते. काहींना खाच सापडतच नाही, कारण त्यांच्यात तिच्या खालून हाडाचा पूल बनून तिचं भोक झालेलं असतं. एकाच माणसाच्या एका बाजूला खाच आणि दुसऱ्या बाजूला भोक, असंही आढळतं. कपाळावर टाके घालताना भूल देण्यासाठी डॉक्टर नेमकी हीच जागा शोधतात.

भुवईच्या बाहेरच्या टोकाला खोबणीच्या कडेवर एक बारीक खाचवजा रेघ लागते. तिथे कपाळाचं हाड गालाच्या हाडाला, म्हणजे झायगोमॅटिकला, भेटतं. तिथून वर आणि मागे जाणारी धार चाचपा आणि दात घट्ट आवळा. धारेच्या मागे काहीतरी फुगतंय, पुढे काही हलत नाही. फुगतो तो चावण्याचा टेम्पोरॅलिस स्नायू, आणि धार ही त्याची सीमा: टेम्पोरल लाइन. पहिली खूण सापडली आणि ती कोणाची तेही कळलं.

शेवटी दोन्ही तळवे कपाळावर, भुवयांच्या सुमारे तीन सेंटिमीटर वर ठेवा. दोन गोलसर उंचवटे जाणवतील, ते फ्रॉन्टल ट्यूबर. लहान मुलांत ते फार स्पष्ट असतात. ते का, हे बाळाच्या पायरीवर येईल.

दुसरी पायरी: हाड मिळवायचं कुठून

फ्रॉन्टल बोन सुटं क्वचितच मिळतं. बहुतेक कॉलेजांत अख्खी कवटी असते, किंवा वरचं झाकण कापलेली कवटी, आणि हीच शिकायला जास्त चांगली. झाकणात हाडाची आतली बाजू दिसते, तळात डोळ्यांच्या खोबणीचं छप्पर वरून दिसतं. कवटीची हाडं सुटी करायची एक जुनी युक्ती होती: कवटीत वाटाण्यांसारखी सुकी कडधान्यं ठासून भरायची आणि ती पाण्यात बुडवायची. दाणे फुगतात आणि शिवणी हळूहळू आतून उकलतात. उसळीसाठी वाटाणे भिजत घालताना मला ती युक्ती अजून आठवते.

बोन सेट सीनियरांकडून विकत घ्यायची प्रथा अजून आहे. माझं मत विचाराल तर घेऊ नका. कॉलेजच्या म्युझियममध्ये बसा, घरी सरावाला चांगलं प्लास्टिकचं मॉडेल वापरा. कधीकाळी भारत हा जगभरच्या मेडिकल कॉलेजांना मानवी सांगाडे पुरवणारा देश होता. १९८५ मध्ये निर्यातीवर बंदी आली. त्या व्यापारात हाडं कोणाची, कोणाच्या परवानगीची, हे विचारलं जात नव्हतं. आज डिसेक्शन हॉलमध्ये जे देह येतात त्यांतले बरेच देहदानातून आलेले असतात. प्लास्टिकमध्ये एकच उणीव असते, ऑर्बिटल प्लेटचा पातळपणा त्यात येत नाही. तेवढ्यासाठी खरं हाड बघावंच लागतं.

तिसरी पायरी: धरायचं कसं

हाडाचे तीन भाग ओळखा. उभा, मोठा, शिंपल्यासारखा बाहेर फुगलेला भाग स्क्वामा, म्हणजेच कपाळ. त्याच्या खालच्या कडेपासून मागे आडव्या गेलेल्या दोन पातळ पट्ट्या म्हणजे ऑर्बिटल प्लेट्स. आणि दोन खोबणींच्या मध्ये खाली उतरलेलं छोटंसं खडबडीत टोक म्हणजे नेझल पार्ट.

धरताना फुगीर बाजू समोर, आडव्या पट्ट्या खाली आणि मागे. खोबणींच्या कडा जमिनीकडे बघत असल्या की बरोबर. शंका आली तर हाड स्वतःच्या कपाळासमोर न्या आणि जणू घालताय असं बघा. हसू येईल, पण चुकणार नाही.

चौथी पायरी: बाहेरून

पहिल्या पायरीवर चाचपलेलं सगळं आता डोळ्यांनी शोधा. त्यामुळे इथे फार वेळ लागत नाही. दोनच गोष्टी नव्या.

एक, टेम्पोरल लाइन मागे जाताना दुभंगते: वरची आणि खालची. खालच्या रेषेपासून टेम्पोरॅलिस स्नायू सुरू होतो, तर वरच्या रेषेला त्याच्यावरचं जाड आवरण चिकटतं.

दोन, जे दिसत नाही ते. कपाळावर आठ्या पाडणारा फ्रॉन्टॅलिस स्नायू या हाडाला चिकटतच नाही. तो वर डोक्यावरच्या पातळ चिवट पडद्यापासून निघतो आणि खाली भुवयांच्या कातडीत शिरतो. ही बारीकशी गोष्ट पुढे कॅज्युअल्टीत उपयोगी पडते. डोक्याला मार लागला की कातडीखालच्या सैल थरात रक्त साठतं. मागे आणि बाजूंना त्या थराला हाडावरची चिकटलेली सीमा अडवते, पुढे मात्र अडवायला कोणी नाही. रक्त हळूहळू ओघळत पापण्यांत उतरतं आणि दुसऱ्या दिवशी डोळा काळा-निळा दिसतो. नातेवाईक म्हणतात, ‘डोळ्याला तर काहीच लागलं नव्हतं!’ खरंच लागलेलं नसतं.

बीएएमएसच्या मुलांनी इथे थोडं थांबावं. सुश्रुतसंहितेत हाडांचे पाच प्रकार आहेत: कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. डोक्याची चपटी हाडं त्यातल्या कपाल वर्गात येतात. दोन भुवयांच्या मध्ये स्थपनी हे मर्म सांगितलं आहे. ते विशल्यघ्न, म्हणजे रुतलेलं शल्य आत असेपर्यंत माणूस जगतो, उपटून काढलं तर जातो. ग्लॅबेलाच्या मागे काय काय आहे ते सहाव्या पायरीवर बघितलंत की या वर्गीकरणाकडे वेगळ्या नजरेने बघाल. रुतलेली वस्तू जागेवर ओढून काढू नये, हे आजही प्रथमोपचारात शिकवतात.

पाचवी पायरी: खालून, डोळ्याच्या बाजूने

आता हाड उलटं करा (या वेळी मुद्दाम). मला हाडाचा हा भाग सर्वांत आवडतो, कारण इतक्या लहान जागेत इतके भाडेकरू राहतात.

दोन ऑर्बिटल प्लेट दिसतील, गुळगुळीत आणि वाटीसारख्या खोल. हाड खिडकीपाशी नेऊन उजेडासमोर धरा. प्लेटमधून पलीकडचा प्रकाश झिरपतो, इतकी ती पातळ आहे. बोटाने दाबून पाहू नका; म्युझियममधल्या निम्म्या कवट्यांत इथे जी भोकं दिसतात ती तुमच्याआधी आलेल्यांनी पाडलेली आहेत.

प्लेटच्या बाहेरच्या पुढच्या कोपऱ्यात, झायगोमॅटिककडे जाणाऱ्या टोकाच्या आडोशाला, एक उथळ खड्डा आहे. कोणाचा? अश्रुग्रंथीचा. मुलं उत्तर देताना बोट नाकाकडे नेतात, कारण आसवं नाकाकडच्या कोपऱ्यातून निघतात असं आपल्याला वाटतं. तिथून ती वाहून जातात. तयार होतात ती वरच्या, बाहेरच्या कोपऱ्यात.

आतल्या पुढच्या कोपऱ्यात, कडेच्या जरा मागे, एक बारीक खळगी किंवा कधी टोचेल असा छोटा काटा सापडतो. पुष्कळांना तो दिसतच नाही, नख फिरवा. ही खूण एका कप्पीची. डोळा फिरवणारा सुपीरिअर ऑब्लिक स्नायू खोबणीच्या अगदी मागून निघतो, वरच्या आतल्या कडेने पुढे येतो, इथे कूर्चेच्या छोट्या कप्पीतून वळतो आणि मागे बाहेर जाऊन डोळ्याला चिकटतो. विहिरीवर दोर कप्पीवरून वळतो आणि ओढण्याची दिशाच बदलते, तसंच. कप्पी जागची हलली तर माणसाला एकाची दोन दिसतात, विशेषतः खाली बघताना. जिना उतरताना पायरी कुठली खरी ते कळत नाही. हाडावर खूण मोहरीएवढी, काम मात्र असं.

दोन प्लेटांच्या मध्ये इंग्रजी यू अक्षरासारखी मोठी खाच आहे, एथमॉइडल नॉच. सुट्या हाडात ती रिकामी दिसते. अख्ख्या कवटीत एथमॉइड हाडाची चाळणीसारखी पट्टी तिथे बसते आणि तिच्या भोकांतून वासाच्या नर्व्ह वर जातात. खाचेच्या दोन्ही काठांवर अर्धवट फुटलेल्या मडक्यांसारखे खळगे दिसतील. ती हवेच्या छोट्या खोल्यांची छपरं आहेत, उरलेली अर्धी खोली एथमॉइडमध्ये. त्याच काठांवर आडव्या गेलेल्या दोन चऱ्या शोधा. एथमॉइडशी जुळल्या की त्यांचे दोन बोगदे होतात, अँटीरिअर आणि पोस्टीरिअर एथमॉइडल. त्यांतून त्याच नावाच्या रक्तवाहिन्या आणि नर्व्ह जातात. व्हायव्हात हा प्रश्न हुशार मुलांसाठी राखून ठेवलेला असतो.

खाचेच्या पुढे, नेझल पार्टमधून खाली निघालेल्या काट्याच्या (कप्पीचा काटा वेगळा) दोन्ही बाजूंना, दोन भोकं आहेत. काडी घालू नका, फक्त बघा. ती फ्रॉन्टल सायनसची, म्हणजे कपाळाच्या हाडातल्या हवेच्या पोकळ्यांची, दारं.

सहावी पायरी: आतून

झाकण कापलेली कवटी घ्या आणि आत डोकवा.

झाकणाच्या मध्यरेषेत एक उभा चर दिसतो. कोणाचा? मेंदूचं रक्त मागे नेणाऱ्या मोठ्या शिरेचा, सुपीरिअर सॅजिटल सायनसचा. पुढे खाली येता येता चराचे दोन काठ जवळ येतात, एक होतात आणि त्यांची धार बनते: फ्रॉन्टल क्रेस्ट. या धारेला मेंदूच्या दोन अर्धगोलांमधला विळ्यासारखा पडदा, फाल्क्स, चिकटतो. धार जिथे संपते तिथे एक भोक आहे ज्याचं नावच फोरामेन सीकम, म्हणजे आंधळं भोक. बहुतेकांत ते खरंच बंद असतं. काहींत त्यातून नाकाकडची एक बारीक शीर आत जाते.

चराच्या दोन्ही बाजूंना, विशेषतः वयस्क माणसाच्या कवटीत, उंदराने कुरतडल्यासारखे छोटे खड्डे दिसतील. घाबरू नका, रोग नाही. मेंदूभोवतीचं पाणी शिरेत सोडणाऱ्या अरॅक्नॉइड ग्रॅन्युलेशनच्या या खुणा. वय वाढेल तसे खड्डे खोल होतात.

आता कवटीच्या तळाकडे या. पाचव्या पायरीवर खालून पाहिलेली तीच ऑर्बिटल प्लेट आता वरून दिसते, आणि खालून गुळगुळीत असलेली ती वरून मात्र उंचसखल आहे. ती वळवळ मेंदूच्या फ्रॉन्टल लोबच्या वळ्यांची आहे. चाळीतल्या स्लॅबसारखी ही प्लेट: खालच्या मजल्यावर डोळा, वरच्या मजल्यावर मेंदू, मध्ये एकच पातळ स्लॅब. अपघातात स्लॅबला किंवा शेजारच्या चाळणीला तडा गेला की वरच्या मजल्याची गळती सुरू होते: नाकातून पाण्यासारखं पातळ, गोडसर-खारट पाणी ठिबकत राहतं. ते मेंदूभोवतीचं पाणी असतं. अशा माणसाने नाक शिंकरायचं नाही, कारण त्या जोरावर नाकातली हवा आणि जंतू उलट वर जाऊ शकतात.

या वरच्या मजल्यावर राहतो कोण, याचं उत्तर १३ सप्टेंबर १८४८ ला अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात फार विचित्र पद्धतीने मिळालं. रेल्वेसाठी खडक फोडताना सुरुंगाची दारू ठासणारी सळई उडाली आणि फिनिअस गेज या मुकादमाच्या डाव्या गालाखालून शिरून कपाळाच्या हाडाच्या वरच्या भागातून बाहेर पडली. सळई ३ फूट ७ इंच लांब, वजन सहा किलोच्या आसपास. गेज शुद्धीवर होता, बोलत होता, आणि पुढे साडेअकरा वर्षं जगला. मात्र त्याचे डॉक्टर जॉन हार्लो यांनी नोंदलं की माणूस तोच राहिला नाही. धरसोड, शिवराळपणा, अविचार त्याच्या वागण्यात आला. नियोजन, संयम आणि स्वभावाशी फ्रॉन्टल लोबचं नातं शोधायला या घटनेने मोठी चालना दिली. त्याची कवटी आणि ती सळई बोस्टनमध्ये हार्वर्डच्या वॉरेन अॅनाटॉमिकल म्युझियमच्या संग्रहात आहेत.

सातवी पायरी: शेजारी मोजा

‘किती हाडांशी सांधा?’ उत्तर बारा. पण आकडा पाठ करू नका, मोजा. एकेकटे दोन: मागे स्फेनॉइड, मध्ये एथमॉइड. जोडीने पाच: मागे-वर पॅरायटल, नाकाची हाडं, वरचा जबडा म्हणजे मॅक्सिला, नखाएवढं लॅक्रिमल, आणि गालाचं झायगोमॅटिक. दोन आणि पाच दुणे दहा.

यात कानशिलाचं टेम्पोरल नाही, आणि सापळा इथेच लावतात. कानशिलापाशी फ्रॉन्टल, पॅरायटल, स्फेनॉइड आणि टेम्पोरल अशी चार हाडं इतकी जवळ येतात की फ्रॉन्टल टेम्पोरलला भिडलंय असं वाटतं. सहसा मध्ये स्फेनॉइड आणि पॅरायटलचा सांधा असतो. मोजक्याच कवट्यांत ते थेट भिडलेले सापडतात. या जागेचं नाव टेरिऑन. स्वतःवर शोधायचं तर गालाच्या आडव्या कमानीच्या मध्यापासून सुमारे ४ सेंटिमीटर वर आणि भुवईच्या बाहेरच्या सांध्यापासून सुमारे ३.५ सेंटिमीटर मागे. हाड इथे पातळ, आणि आतून मिडल मेनिंजिअल आर्टरीची पुढची शाखा अगदी चिकटून जाते. कानशिलावर चेंडू किंवा काठी बसली, माणूस उठून नीट बोलला, आणि काही तासांनी बेशुद्ध झाला, अशा गोष्टीत बहुतेकदा हीच शाखा फाटलेली असते. म्हणून कानशिलाचा मार ‘आता बरं वाटतंय’वर सोडायचा नसतो.

आठवी पायरी: पापुद्रा

कवटीच्या हाडाची कापलेली कड बघा. बाहेर एक घट्ट थर, आत एक घट्ट थर, मध्ये जाळीदार मऊ हाड, डिप्लोई. ग्लॅबेलापाशी मात्र मधलं जाळं नाहीसं होतं आणि दोन थरांत हवा भरते. तव्यावर भाकरी फुगून पापुद्रा सुटतो ना, अगदी तसं. हा फ्रॉन्टल सायनस.

जन्मतः तो जवळजवळ नसतोच. सहा-सात वर्षांच्या सुमारास एक्स-रेवर दिसू लागतो आणि पौगंडावस्था संपेपर्यंत वाढतो. डावा-उजवा सारखा क्वचितच असतो. मधला पडदा सहसा एका बाजूला सरकलेला असतो. काहींत एक बाजू असतच नाही. त्याची नागमोडी वरची कड प्रत्येकात इतकी वेगळी असते की ओळख पटवण्यासाठी न्यायवैद्यकात जुन्या आणि नव्या एक्स-रेमधले सायनस ताडून बघतात. बोटांच्या ठशांसारखंच, फक्त कपाळाच्या आत.

दार कुठे आहे ते पाचव्या पायरीवर पाहिलंत: तळाशी. म्हणून माणूस उभा असताना सायनस आपोआप निथळतो, नाकाच्या मधल्या कप्प्यात. रात्री आडवं पडलं की निथळणं थांबतं. त्यामुळे फ्रॉन्टल सायनसच्या दुखण्यात कपाळ सकाळी उठल्यावर ठणकतं आणि दुपारनंतर उतरत जातं. जुन्या पुस्तकांत याला ऑफिस हेडेक म्हटलंय, ऑफिसच्या वेळेत दुखतं म्हणून. गालातल्या मॅक्सिलरी सायनसचं दार उलट उंचावर असतं. शेजारीच असून दोघांचं वागणं वेगळं, हे एका वाक्यात सांगता आलं तर परीक्षक पुढचं विचारत नाहीत.

सायनसची मागची भिंत थेट मेंदूच्या आवरणाला लागून असते. म्हणून कपाळावर मऊ, दाबल्यावर खळगा पडणारी सूज, ताप आणि डोकेदुखी असं एकत्र आलं तर ती साधी सर्दी नव्हे. अठराव्या शतकातल्या पर्सिव्हल पॉट या इंग्रज सर्जनच्या नावाने ती ओळखली जाते. पॉट्स पफी ट्यूमर असं नाव असलं तरी गाठ नव्हे. सडलेल्या हाडावर साठलेला पू असतो.

नववी पायरी: बाळाच्या कपाळाकडे या

घरात लहान बाळ असेल तर आईला विचारून टाळूला हलका तळवा लावा. धडधड जाणवते ती पुढची टाळू, अँटीरिअर फॉन्टॅनेल: पतंगाच्या आकाराची, चार हाडांच्या मधली. चारच का? मागची दोन पॅरायटल, आणि पुढची दोन फ्रॉन्टल. हो, दोन. जन्मतः कपाळाचं हाड दोन अर्ध्यांचं असतं. आईच्या पोटात आठव्या आठवड्याच्या सुमारास पडद्यातच हाड धरायला लागतं, आधी कूर्चा बनत नाही. प्रत्येक बाजूला एक केंद्र असतं आणि तिथून चहूकडे हाड पसरतं. ती दोन केंद्रं म्हणजे ते गोलसर उंचवटे, म्हणून बाळात ते ठळक.

दोन अर्ध्यांमधली शिवण म्हणजे मेटोपिक सूचर. ग्रीकमध्ये ‘मेटोपोन’ म्हणजे कपाळ. ती कधी मिटते यावर पुस्तकं भांडतात. जुनी पुस्तकं आठव्या वर्षापर्यंतची मुदत देतात, सीटी स्कॅनवरचे अलीकडचे अभ्यास पहिल्या वर्षातच ती मिटू लागते असं दाखवतात. व्हायव्हात तुमच्या कॉलेजात चालणाऱ्या पुस्तकाचा आकडा सांगा, वाद नंतर घाला. काही थोड्या माणसांत ती आयुष्यभर राहते. एक्स-रेवर तिला फ्रॅक्चर समजणारे दरवर्षी भेटतात. उलट ती पोटातच मिटली तर कपाळ होडीच्या नाळेसारखं टोकदार होतं, ट्रायगोनोसेफली.

टाळू साधारण दीड वर्षाच्या सुमारास भरते. तोवर ती खिडकीच असते: जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं की खोल जाते, डोक्यातला दाब वाढला की शांत बाळातही फुगून राहते. आजी तेल लावताना टाळूवर हात फिरवते, तेव्हा ही तपासणी नकळत रोज होत असते. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही. टाळू ‘बसवायला’ दाबायचं मात्र नाही.

दहावी पायरी: पुरुष की बाई

हा प्रश्न येतो म्हणून सांगते, नाहीतर मी वगळला असता. पुरुषाच्या कवटीत ग्लॅबेला आणि आर्च ठळक, कपाळ मागे झुकलेलं, खोबणीची वरची कड बोथट. बाईच्या कवटीत कपाळ उभं, ट्यूबर उठून दिसणारे, कड धारदार. नखाने कड तपासा, डोळ्यापेक्षा नख कमी फसतं. पण नुसत्या कपाळावरून छातीठोक सांगू नका. ‘सर, पेल्विस बघितल्याशिवाय खात्रीने नाही सांगणार’ (पेल्विस म्हणजे कमरेच्या हाडांचा कडा) हे उत्तर मला कायम आवडलंय. लहान मुलाच्या कवटीबद्दल तर हा अंदाज करायचाच नाही.

अकरावी पायरी: करून बघा

गणपतीच्या दिवसांत शाडूची माती घरी येतेच. त्यातला गोळा बाजूला ठेवा आणि पुस्तक न उघडता फ्रॉन्टल बोन घडवा. स्क्वामा सगळ्यांना जमतो. ऑर्बिटल प्लेट किती मागे जाते, मधली खाच किती रुंद, कप्पीची खळगी कुठल्या कोपऱ्यात, इथे हात अडतो. अडला ती जागा पुन्हा कवटीवर बघा. माझ्या अनुभवात दोनदा घडवलं की तिसऱ्यांदा पुस्तक लागत नाही. माती नसेल तर तीन चित्रं काढा: समोरून, खालून, आतून. खालचं चित्र सर्वांत आधी काढा, कारण सगळे तेच टाळतात.

काम झालं की हाड परत ठेवायचं. कवटी उचलताना डोळ्यांच्या खोबणीत बोटं घालून उचलू नका, प्लेट तिथेच फुटते. दोन्ही तळव्यांनी खालून उचला. सुटं हाड ठेवताना फुगीर बाजू खाली, प्लेट वर, आणि खाली कापूस किंवा जुन्या मऊ सुती साडीची घडी. त्यावर दुसरं हाड रचू नका. पेटीचं झाकण लावण्याआधी एकदा बघा, तळाशी पापुद्र्यासारखे तुकडे पडलेले नाहीत ना. पडले असतील तर फेकू नका, कागदाच्या पुडीत घालून म्युझियमच्या मामांकडे द्या. ते चिकटवून देतात.